हंसा वाडकर : कराडच्या सखूपासून फडावरच्या चिमापर्यंत

कृष्णाकाठ

गेल्या शनिवारी साताऱ्यात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम होता. 'बुगडी माझी सांडली गं' सुरू होण्याआधी निवेदक म्हणाला, हे गाणं हंसा वाडकरांचं. त्याच त्या, ज्यांच्यावर 'भूमिका' हा चित्रपट निघाला. मग दारू, भानगडी असं काहीबाही बोलला आणि सभागृहात हशा पिकला. शेजारी माझी आई बसली होती, वय सत्त्याहत्तर. ती हसली नाही. माझा हात दाबून म्हणाली, "ही आपली सखू ना गं?"

तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात होतं.

आधी चूक दुरुस्त करते. 'बुगडी'वर नाचतात त्या जयश्री गडकर. चित्रपट 'सांगत्ये ऐका', साल १९५९, दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवारांचं, आवाज आशा भोसल्यांचा. हंसाबाई त्याच चित्रपटात चिमा आहेत. गावच्या पाटलाने केलेल्या अन्यायाचा जाब भर फडात उभी राहून मागणारी तमासगिरीण. पुण्यात विजयानंदला हा चित्रपट १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं. नाव झालं ते गाण्याचं आणि जयश्रीबाईंचं. त्याबद्दल काही म्हणणं नाही, त्या होत्याच तशा देखण्या. पण चित्रपट खांद्यावर घेऊन चालल्या त्या हंसाबाई.

आता आईच्या वाक्याकडे येते. आमचं मूळ गाव कराडजवळ. माझी आजी दर वर्षी पालीच्या खंडोबाच्या यात्रेला जायची आणि यात्रेत तंबूचा सिनेमा असायचाच. बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, मधे कनात. रीळ बदलायला मशीन थांबलं की अंधारात पोरं रडायला लागायची. तिथे आजीने प्रभातचा 'संत सखू' पाहिला होता, एकदा नव्हे, तीनदा. सखू म्हणजे आमच्याच कराडची. कृष्णेच्या घाटाजवळ तिचं देऊळ आहे आणि आजी बाजाराला गेली की तिथे डोकं टेकवल्याशिवाय परतत नसे. सासू सखूला खांबाला बांधते आणि विठोबा तिच्या रूपात येऊन घरात पाणी भरतो, तिथे तंबूतल्या बाया पदराने डोळे पुसत बसायच्या. सासू पडद्यावर आली की शिव्या घालायच्या. ती सासू झाली होती गौरी, 'संत तुकाराम'मधली आवली. एका बाईने संपताना पडद्यापुढची माती उचलून कपाळाला लावली, हे आजी पुन्हा पुन्हा सांगायची. मला वाटतं ती बाई आजीच असावी.

पुढे 'सांगत्ये ऐका' आला. तमाशाचा सिनेमा, बायामाणसांनी जायचं का, यावर घरात दोन दिवस धुसफूस झाली. आजोबा नको म्हणाले. आजी गेली, बरोबर आईला घेऊन. आई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. पडद्यावर चिमा आली, पायात चाळ, नऊवारीचा कासोटा घट्ट, भिडून बोलणारी. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग आईच्या कानाशी म्हणाली, "ही आपली सखूच हाय गं. नेसणं बदललंय, डोळं तेच हायती."

शिक्षण नसलेल्या बाईने एका नटीची सगळी कारकीर्द दोन वाक्यांत सांगितली, असं मला आज वाटतं.

हंसाबाईंचं मूळ नाव रतन साळगावकर. जन्म २४ जानेवारी १९२३, मुंबई. घराण्यात मागच्या पिढ्यांत कलावंतीणपण होतं. सिनेमात आल्यावर साळगावकर हे नाव नको म्हणून वाडकर लावलं. 'विजयाची लग्ने' १९३६ साली आला तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. हौस म्हणून कुणी पाठवलं नव्हतं, घरात पैशाची ओढाताण होती. मग बॉम्बे टॉकीज, तिथे 'नवजीवन' (१९३९). लग्नही कोवळ्या वयातच, जगन्नाथ बंदरकर यांच्याशी. हंसाबाईंनी स्वतः सांगून ठेवलंय की लग्न झालं की सिनेमा सोडायचा, घर करायचं, पोरंबाळं सांभाळायची, एवढीच त्यांची इच्छा होती. झालं उलटं. कमाई त्यांची, म्हणून काम सुटलं नाही. काम सुटलं नाही, म्हणून संशय वाढला.

१९४१ साली 'संत सखू' आला. दिग्दर्शक दामले, फत्तेलाल आणि राजा नेने. हंसाबाई अठरा वर्षांच्या. मी तो चित्रपट आईबरोबर अलीकडे पुन्हा पाहिला. त्या काळच्या संतपटांत नट्या डोळे वर लावून उभ्या राहतात, तशी ही सखू राहत नाही. ती काम करताना दिसते. हातात भांडं असतं, कडेवर घागर असते आणि मन दुसरीकडे आहे हे नुसत्या मानेच्या कलण्यावरून कळतं. सासू बोलते तेव्हा ती ऐकते, पण खालच्या मानेने ऐकणं आणि मन मोडून ऐकणं यातला फरक तिने राखलाय.

सहा वर्षांनी 'लोकशाहीर रामजोशी'. त्यात त्या बया झाल्या, समोर जयराम शिलेदार. शाहीर आणि कलावंतीण समोरासमोर उभे राहतात तिथे पाहा. तीच मान, पण आता ताठ. तमाशापटांची लाट खरी सुरू झाली ती या चित्रपटापासून, असं माझं मत. १९५० चा 'पुढचं पाऊल' त्याच वाटेवरचा, नायक पु. ल. देशपांडे. मधे 'संत जनाबाई'सुद्धा त्यांनीच केली, १९४९ साली. म्हणजे एक वर्ष जनाबाई, दुसऱ्या वर्षी पुन्हा बोर्डावर चाळ बांधून. प्रेक्षकांनी जनाबाईला हात जोडले आणि तमासगिरीणीवर फेटे उडवले. दोघी एकच बाई होती.

मला या धाग्यात त्यांच्या कामावर बोलायचंय. ज्यांनी पाहिलंय, घरच्यांकडून ऐकलंय, त्यांनी लिहा.

यवतेश्वर

ताई, फार बरं केलंत. त्या कार्यक्रमाला मी पण होतो, मागच्या रांगेत. हशा मलाही खटकला, पण उठून बोलायचा धीर झाला नाही.

बुगडीबद्दल थोडं. आमच्या घरी पणजीची एक जोडी आहे. कानाच्या वरच्या पाळीत घालायची, सोन्याच्या काडीवर मोत्यांचा गुच्छ आणि मागे फिरकी. फिरकी झिजली की दागिना कधी गळतो कळत नाही, कारण वजनच लागत नाही. त्यामुळे साताऱ्याच्या वाटेवर सांडली हे नुसतं यमकासाठी नाही. बैलगाडीच्या हिसक्याने खरंच सांडायची. पणजीची एक अशीच वाठारजवळ गेली होती, दुसरी नंतर करून घेतली. दोन्हींचे मोती वेगळे आहेत, जवळून पाहिलं तर दिसतं.

माणदेशी

आटपाडीकर म्हणून लिहितो. 'सांगत्ये ऐका'ची गाणी गदिमांची आणि पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे. दोघे भाऊ आमच्या माणदेशातले. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, व्यंकटेशतात्यांचा माडगूळचा. चिमा ज्या भाषेत बोलते ती पुण्यात बसून लिहिलेली गावरान भाषा नव्हे. ती आमच्या चावडीवरची आहे. आणि आशाबाई सांगलीच्या. म्हणजे त्या एका गाण्यात निम्मा जिल्हा आहे.

अजून एक. १९५९ साली सांगली जिल्हा नावाने नव्हताच. १९४९ ला साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर आणि दक्षिण. आमचा तो दक्षिण सातारा. सांगली हे नाव मिळालं १९६० साली. तेव्हा 'जाता साताऱ्याला' म्हणताना आमच्याकडच्या माणसाला ते परक्या गावाचं नाव वाटत नव्हतं. कचेरीच्या कागदावर त्याचा पत्ता तोच होता.

हंसाबाईंना संवादाची जाण होती. गावरान बोलताना शहरी नट्या शब्द लांबवतात, हेल काढतात. त्या तसं करत नाहीत. वाक्य तोडतात. माडगूळकरांचं वाक्य तोडूनच बोलावं लागतं, नाहीतर पडतं.

शिराळकरीण

वाचतेय. ताई, आजीचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

हळदबाजार

सांगलीहून. तुमच्या भावनेशी सहमत, पण 'भूमिका'वर राग नको, एवढंच सांगायचंय. मी कॉलेजात असताना तो पाहिला नसता तर हंसा वाडकर हे नावच मला कळलं नसतं. श्याम बेनेगलांनी १९७७ साली केला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. त्यातली उषा ही हंसाबाई नव्हे, त्यांच्या सांगण्यावरून घडवलेली एक बाई आहे. दोष चित्रपटाचा नाही. चित्रपट पाहून तिथेच थांबणाऱ्यांचा आहे.

मी तिथून पुस्तकापर्यंत गेलो. 'सांगत्ये ऐका' हेच नाव आत्मकथेलाही दिलंय. त्या बोलत गेल्या, अरुण साधूंनी उतरवून घेतलं. आधी 'माणूस' साप्ताहिकात आलं, मग १९७० साली पुस्तक. पुढल्याच वर्षी त्या गेल्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत होतं, पण मला तीन दिवस लागले. दर दहा पानांनी उठून बाहेर जावं लागायचं.

दारूचं आहे त्यात. स्वतःच सांगितलंय, कुणाच्या मागे न लपता. मराठवाड्यात एका माणसाबरोबर गेल्या, तिथे तिसरी बायको म्हणून तीन वर्षं काढली, घराबाहेर पडायची मुभा नाही, हेही सांगितलंय. तिथून सुटताना काय सोसलं तेही. त्या काळी एखाद्या पुरुष नटाने तरी असं सगळं छापून दिलं असतं का? आठवणींची पुस्तकं आपल्याकडे खूप आहेत. त्यात सत्कार असतात, हार असतात. हिच्यात नाहीत.

कृष्णाकाठ

दादा, 'भूमिका'वर राग नाही. स्मिता पाटीलचं काम मी विसरूच शकत नाही. राग आहे तो शनिवारच्या हशावर. दारू हा शब्द उच्चारला की त्या बाईचं बाकी सगळं पुसून जातं. सखू पुसली जाते, बया पुसली जाते. पुरुष नट प्याला तर "कलंदर होता" म्हणतात. बाई प्यायली की तिचं काम कुणी पाहतच नाही.

मिरजमळा

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. सखूची गोष्ट मला लहानपणापासून पटत नाही. मारझोड सोसायची, देवाने येऊन कामं करायची आणि शेवटी त्याच घरात परत यायचं. अशा चित्रपटांनी आपल्या आज्यांना सोसायलाच शिकवलं. हंसाबाईंचं काम चांगलं असेल, पण भूमिका कुठली होती तेही पाहायला हवं ना? मला त्यांची चिमा जवळची वाटते. ती बोलते. सखू बोलत नाही.

कृष्णाकाठ

मिरजमळा ताई, राग कसला. हे आईशीही बोलले. ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "सोसायला आम्हाला सिनेमाने नाही शिकवलं, ते घरातच शिकवून झालं होतं. सखू न विचारता दिंडीत गेली, तेवढंच आम्ही बघायचो."

आईचं म्हणणं मला विचार करायला लावणारं होतं. गोष्ट नीट आठवली तर सखू पाणी भरायला नदीवर जाते, पंढरीला निघालेली दिंडी दिसते आणि घरचं सगळं टाकून तिच्यामागे जायला निघते. नवऱ्याला, सासूला विचारत नाही. बांधून ठेवतात तरी जाते. तंबूत बसलेल्या ज्या बाईला माहेरी जायलाही चार जणांची परवानगी लागायची, तिला ते पाऊल दिसत असणार. परत येते हे खरं. पण तुमचा मुद्दा पूर्ण खोडून काढता येत नाही, तेही मान्य. माझ्या मनात दोन्ही आहे.

सोनसळ

सखू आणि चिमा यात निवड कशाला? हंसाबाईंच्या बरोबरीने 'सांगत्ये ऐका'त सुलोचनादीदीही होत्या. दीदींना पुढे आईच्या भूमिका मिळाल्या, पद्मश्री, महाराष्ट्र भूषण मिळालं, २०२३ मध्ये गेल्या तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. ते त्यांच्या वाट्याला आलं ते योग्यच. पण एकाच चित्रपटातल्या दोघींच्या नावामागे लोक पुढे काय म्हणतात ते पाहा. एकीला दीदी. दुसरीचं नाव घेताना आवाज खाली येतो.

रेठऱ्याचा

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू का नको, असं चाललं होतं.

माझं गाव शाहीर पठ्ठे बापूरावांचं, रेठरे हरणाक्ष. कुलकर्ण्याचं पोर तमाशात गेलं, फडात नाचणाऱ्या पवळाबरोबर फड गाजवला, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. आता सांगतात. त्या वेळी गावाने काय केलं ते जुन्या माणसांना विचारावं. 'रामजोशी'त तीच गोष्ट आहे, सोलापूरच्या ब्राह्मणाची. शाहीर मोठा झाला, त्याच्या नावाने चित्रपट निघाला. पवळाच्या नावाने काय आहे?

माझी आजी फडात होती. नाव लिहीत नाही. ढोलकीच्या फडात पंचवीस वर्षं नाचली, पुसेगाव, पाल, मांढरदेव, सगळ्या यात्रा केल्या. तंबूचा सिनेमा आणि तमाशाचा तंबू यात्रेत शेजारी शेजारीच असायचे. 'सांगत्ये ऐका' लागला तेव्हा फडातल्या सगळ्या बाया खेळ नसलेल्या दिवशी बघायला गेल्या. आजीने सांगितलेलं असं. सिनेमातल्या बाया नाचतात, पण त्यांना पाय दुखत नाहीत. चाळ पाच-सहा तास बांधले की घोट्याला आंबेहळद लावल्याशिवाय सकाळी जमिनीवर पाय टेकवत नाही. ते पडद्यावर कुठं दिसत नाही. एकच बाई अशी होती, म्हणाली, जी बसताना आमच्यासारखी बसली. म्हणजे हंसाबाई. नाचून आल्यावर तमासगिरीण मांडी घालून बसत नाही, एक गुडघा उभा ठेवून, त्यावर हात टाकून बसते, पाय मोकळा राहावा म्हणून. ती तशी बसली. आजी म्हणायची, "हिला कुणीतरी दावलं असंल, न्हाई तर हिच्या रगतात असंल."

कृष्णाकाठ ताईंनी घराण्याबद्दल लिहिलंय ते वाचलं आणि आजीचं हे आठवलं.

'बुगडी' आता शाळेच्या गॅदरिंगला वाजते, चांगल्या घरच्या मुली नाचतात, टाळ्या पडतात. चांगलंच आहे. आजी शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिली, कारण तमाशातली बाई म्हणून गावात कुणी जागा विकली नाही. मला एवढंच लिहायचं होतं.

यवतेश्वर

रेठरेकर दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. त्या गुडघ्याचं वाचून मी चित्रपट पुन्हा लावला. आहे. तुमची आजी म्हणते तसंच आहे. मी हा चित्रपट सात-आठ वेळा पाहिलाय आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

माणदेशी

दादा, आजींच्या अशा आठवणी असतील तेवढ्या लिहून ठेवा. इथे नको असेल तर वहीत तरी.

शिराळकरीण

'संत सखू' पाहायला मिळतो का? मुलीला दाखवायचाय.

हळदबाजार

मिळतो, प्रभातच्या जुन्या चित्रपटांबरोबर. छपाई फार स्वच्छ नाही, आवाज मधे मधे बसतो. पण मुलीबरोबर बसा आणि आधी कराडचं देऊळ दाखवून आणलंत तर उत्तम. प्रीतिसंगमावर जाऊन भेळ खाऊन येणारे पुष्कळ असतात, सखूच्या देवळाकडे वळणारे कमी. आणि 'रामजोशी'सुद्धा चुकवू नका. 'सुंदरा मनामध्ये भरली' जयराम शिलेदारांच्या आवाजात ऐकलं की पुढे दुसऱ्या कुणाचं ऐकवत नाही.

मिरजमळा

कृष्णाकाठ ताई, तुमच्या आईंचं उत्तर मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. मग म्हणाल्या, तुझंही बरोबर आहे. आता 'संत सखू' त्यांच्याबरोबरच बघणार आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रेठरेकर दादा, तुमचं लिहिणं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून देवापाशी दिवा लावून आली.

गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर 'संत सखू' संपवला, तेव्हा तिने विचारलं, "हिचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, तिने स्वतःच सांगितलंय. वाचनालयातून पुस्तक आणलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर थोडं थोडं वाचून दाखवायला लागले. आईला डोळ्यांनी आता बारीक अक्षर दिसत नाही. पहिल्या दिवशी लहानपणाचं वाचलं. लग्नाचं आलं तेव्हा आई म्हणाली, "पोरगी होती गं ती, पोरगी." तिचं स्वतःचं लग्न सोळाव्या वर्षी झालं.

काल मराठवाड्यातल्या घरापर्यंत आलो. दहा वाजून गेले होते, मी खूण घालून पुस्तक मिटायला लागले. आईने हात धरला. "मिटू नकोस. ती तिथनं सुटली का नाही, तेवढं वाच, मग झोपू." साडेअकरापर्यंत बसलो.